गोधडीभोवतीची चौकट

आमच्या घरात गोधडी पसरून ठेवायची नाही, असा नियम मी केला आहे. उठलं की लगेच घडी. घडी घातलेल्या गोधडीत काही नसतं, हे लांबूनच कळतं. पण पसरलेली, मध्येच जराशी उंच झालेली गोधडी दिसली की मला तिच्याजवळून नुसतं जाता येत नाही. वाकून तिचं टोक उचलून बघावंच लागतं. माझी बायको नसीम सुरुवातीला हसायची. "काय हरवलंय तुमचं त्यात?" म्हणायची. तिला सगळं सांगितलं तेव्हापासून ती हसत नाही. मी उठायच्या आत तीच घडी घालून टाकते.

"तुमचं काम आमच्या वाचकांना नवीन आहे, त्यातल्या गमती लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आनंदानं हो म्हणालो होतो. गमती आहेतच, त्या सांगतो. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की प्रत्येक गमत मला त्या एकाच शेताच्या बांधावर नेऊन सोडते आहे.

बारामतीच्या कडेला, जळोचीत, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं सेंटर आहे. आत शिरलं की एखाद्या परीक्षेच्या हॉलसारखं वाटतं. रांगेनं संगणक, समोर माना खाली घातलेली मुलं-मुली, मधूनच चहाचा वास. बहुतेक आसपासच्या गावांतून येणारी, पदवी झालेली. काही लग्न होऊन आलेल्या सुना. ही सगळी दिवसभर फोटोंवर चौकटी काढतात आणि प्रत्येक चौकटीला नाव देतात. गाय. मोटारसायकल. माणूस. झाड. त्यांचं काम तपासणं हे माझं काम. मला सगळे मुलाणी सर म्हणतात. त्याआधी बरीच वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला आणि मी इथे आलो. म्हणजे उभा जन्म फोटो बघण्यातच गेला आहे.

चौकटी कशासाठी, हे लोकांना समजावून सांगताना माझी दमछाक होते. यंत्राला कॅमेरा असतो, पण कॅमेरा म्हणजे डोळा नव्हे. यंत्रापर्यंत पोहोचतात ते नुसते ठिपके: हा उजळ, हा काळा, हा जरा हिरवा. त्यात गाय कुठे संपली आणि मागची भिंत कुठे सुरू झाली, हे त्याला कळत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं. मग आम्ही दाखवत बसतो. ही गाय. हीसुद्धा गाय. ही बसलेली गाय. ही खांबाआड अर्धी लपलेली गाय. लहान मुलाला दोन कुत्री दाखवली की तिसरं ते आपोआप ओळखतं. यंत्राला ढिगानं फोटो दाखवावे लागतात, आणि एवढं करूनही ते नेमकं काय शिकलं हे सांगता येत नाही. एकदा आमच्याकडच्या फोटोंतल्या बहुतेक म्हशी ओढ्यात डुंबणाऱ्या होत्या. यंत्र पाण्यातल्या म्हशी बिनचूक ओळखू लागलं, आम्ही खूश झालो. मग कुणीतरी एटीएमच्या दारात उभी असलेली म्हैस दाखवली, तर यंत्र म्हणालं, मोटार. ते म्हैस शिकलंच नव्हतं. म्हशीच्या भोवतीचं पाणी शिकलं होतं.

माणसाचं याच्या उलट असतं. आपला डोळा फार थोडं बघतो, बाकीचं आपण आठवणीतून भरतो. अंधारात दाराशी सावली हलली तर आपल्याला कळतं की थोरला भाऊ आला. चेहरा दिसलेला नसतो, पण चपला काढायची पद्धत माहीत असते. मला याचं फार कौतुक वाटायचं. आता त्याचीच भीती वाटते.

सुप्याकडच्या माळाचे काही फोटो आमच्याकडे आले होते. वाळलेलं गवत, मेंढरं, दगड. सगळ्यांनी मेंढरांना चौकटी काढल्या. हणमंत नावाचा एक मुलगा आमच्यात आहे, त्याच्या आजोबांची मेंढरं होती. तो आपल्या स्क्रीनकडे बघून एकटाच हसत बसला होता.

"काय रे?" मी विचारलं.

"सर, ह्यो काळा दगड बघा. ह्याला तुमी दगड म्हणून पास केलंय न्हवं?"

"मग?"

"दगड विडी ओढतोय, सर."

बघितलं तर खरंच. घोंगडं पांघरून उकिडवा बसलेला धनगर होता आणि घोंगड्याच्या टोकातून धुराची बारीक रेघ निघत होती. सगळं सेंटर हसलं. पुढे कितीतरी दिवस कुणी काम न करता बसलेलं दिसलं की लोक विचारायचे, "काय दगडोबा, विडी झाली का?" मीही हसत होतो. पांघरुणाखालचा माणूस आपल्याला दगड दिसू शकतो, हे त्या दिवशी मला कळायला हवं होतं. मी त्याची गमत करून सोडून दिली.

त्यानंतर ऊसतोडणी यंत्राचं काम आलं. इंदापूर तालुक्यात हे यंत्र आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. घरासारखं उंच, पुढे स्क्रूसारखे फिरणारे दोन मोठे शंकू, खाली पाती. ते उभा ऊस आत ओढतं, कांड्या करतं, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पंख्यानं मागे उडवतं आणि कांड्या शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत टाकतं. आवाज इतका की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. समोर उसाची भिंत असल्यामुळे चालकाला पुढचं फारसं दिसतही नाही. म्हणून पुण्याच्या एका लहान कंपनीनं त्याला कॅमेऱ्यांचा डोळा लावायचं ठरवलं. पुढे माणूस किंवा जनावर आलं की भोंगा वाजेल आणि यंत्र आपोआप थांबेल. त्या डोळ्याला शिकवायचं काम आमच्याकडे आलं.

इतका आनंद सेंटरमध्ये कधी झाला नव्हता. एरवी परदेशातल्या रस्त्यांचे, बर्फाचे फोटो असायचे. आता आमचीच शेतं होती. "अगं, ही तर आमच्या अंथुर्ण्याची विहीर!" असं म्हणत संगीता खुर्चीतून उठली होती. संगीताचं सासर अंथुर्ण्याचं. तिशीतली बाई, कामाला चोख, बोलायला थोडी. "एका चांगल्या कामाला हात लागतोय, कुणाचा तरी जीव वाचेल," असं मी सगळ्यांना उभं राहून सांगितलं. ते मला मनापासून वाटत होतं.

दोन-तीन आठवड्यांनी तपासताना मला संगीताच्या कामात एक चूक सापडली. फोटोत अर्धा तोडलेला उसाचा फड होता. उभ्या उसाच्या कडेला, सावलीत, पाचटावर एक गोधडी पसरलेली. मध्ये जराशी उंच. संगीतानं तिच्याभोवती चौकट काढून नाव दिलं होतं, माणूस. पुढच्या फोटोत बाभळीला साडीची झोळी टांगलेली होती. तिलाही नाव, माणूस.

मी तिला बोलावलं. "हे काय?"

"लेकरू हाय त्यात, सर."

"दिसतंय का?"

तिनं फोटोकडे पुन्हा बघितलं. "दिसत न्हाय. पण हाय."

सगळे हसले. मीही हसलो. आमच्या कामाचा पहिला नियम असा होता, की जे दिसतं तेवढंच लिहायचं. हात दिसला, पाय दिसला, डोक्याचे केस दिसले तर माणूस. नाही तर नाही. अंदाज करायचा नाही. हा नियम मूर्खपणाचा नव्हता. प्रत्येकानं आपापला अंदाज लिहायला सुरुवात केली तर यंत्र काहीच शिकणार नाही. तरी मी पुण्याच्या कंपनीतल्या अनिकेतला फोन केला. तरुण इंजिनिअर, बोलायला नम्र, उगाच घाई न करणारा.

तो म्हणाला, "सर, मला कळतंय त्या काय म्हणतायत. पण उद्या यंत्र प्रत्येक फडक्याला माणूस समजून थांबायला लागलं, तर शेतकरी ते बंद करून टाकतील. मग खरा माणूस आला तरी काही उपयोग नाही. दिसत असेल तरच माणूस."

मला ते पटलं. आजही त्यातलं अर्धं पटतं. मी संगीताला म्हणालो, "कापड लिही." कापड हे नाव होतं आमच्याकडे. वाटेत आलेलं पोतं, चादर, वाळत घातलेलं धोतर यांच्यासाठी. कापडाला यंत्र थांबत नाही.

तिनं चौकट तीच ठेवली, नाव बदललं. मग अशा सगळ्या फोटोंतली नावं मी सगळ्यांकडून बदलून घेतली.

तिचं ते वाक्य मात्र सेंटरमध्ये घोळत राहिलं. चहा आला का विचारलं की कुणीतरी म्हणायचं, "दिसत न्हाय, पण हाय." पगार, वीज, सुट्टी, सगळ्याला तेच उत्तर. आता ते कुणी म्हटलं की मी खोलीबाहेर जातो. कारण खरी गोष्ट अशी, की त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ऊसतोडीला आलेल्या बाया लेकरं कुठे निजवतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. सपाट तोडलेल्या रानात सावली फक्त उभ्या उसाची. त्या कडेला पाचट पसरायचं, वर गोधडी, त्यात लेकरू, आणि माशा बसू नयेत म्हणून वरून गोधडीचंच टोक. ऊस तुटत गेला की सावली सरकते. सावली सरकली की गोधडी सरकवायची. मलाही माहीत होतं. अंथुर्ण्याच्या रस्त्यानं जाताना लहानपणापासून बघितलेलं होतं. मी मला माहीत असलेलं बाजूला ठेवायला शिकलो, आणि दुसऱ्यांनाही शिकवलं. त्याला आम्ही अचूकपणा म्हणत होतो.

हंगाम सुरू झाल्यावर ट्रायल अंथुर्ण्यात ठरली. शेत तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्याचं, सगळे त्यांना तात्या म्हणत. अनिकेतनं मला आग्रहानं बोलावलं. "सर, तुमच्या चौकटी जिवंत झालेल्या बघायला या."

मी इस्त्रीचा शर्ट घालून मोटारसायकलवर गेलो. बांधावर माणसं जमली होती. यंत्राच्या कपाळावर आणि दोन्ही बाजूंना कॅमेरे बसवले होते. तात्या हात मागे बांधून यंत्राभोवती फिरत होते.

"ह्येला डोळं बसवलं म्हणं?"

"हो, तात्या," अनिकेत म्हणाला.

"मग मला वळखंल का? का उधारीवाला आल्यावर वळखत न्हाय तसं करंल?"

लोक हसले. यंत्र चालवणारा दशरथ तिथलाच, गप्पिष्ट गडी. तो म्हणाला, "तात्या, तुमाला बघून थांबंल. मग ट्रॉली काय भरायची न्हाय."

शेताच्या विहिरीकडच्या कोपऱ्यावर विजेच्या तारा खाली लोंबत होत्या, तिथे यंत्र वळत नव्हतं. तेवढा तुकडा कोयत्यावर तोडायला मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांची एक टोळी लावली होती. मला ते दिसलं. त्याचा अर्थ मनात आला नाही.

अनिकेत बांधावर थांबला, मी दशरथच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. समोर छोटा पडदा. त्यावर नावं इंग्रजीत येतात, मी इथे मराठीत लिहितो. यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर ट्रॉलीच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाभोवती निळी चौकट उमटली: माणूस. तो हलला की चौकट हलायची. बांधावर तात्या, माणूस. त्यांच्या पायाशी कुत्रं, जनावर. एवढ्या महिन्यांच्या माना मोडून केलेल्या कामाला डोळे फुटले होते.

दुपार झाली होती. ओळ संपवून यंत्र वळलं आणि विहिरीकडच्या बाजूनं, उभ्या उसाच्या कडेनं परत निघालं. मी पडद्याकडेच बघत होतो. उसाच्या मुळाशी राखाडी चौकट आली. कापड.

मी मान वर करून काचेतून बघितलं. लाल-पिवळ्या ठिगळांची गोधडी होती. उसाच्या सावलीत पसरलेली, मध्ये जराशी उंच.

दशरथनंही बघितलं असावं. त्यानं मान माझ्याकडे वळवली आणि आवाजाच्या वर ओरडून विचारलं, "सर, काय हाय त्ये?"

मी म्हणालो, "कापड."

मी खोटं बोललो नाही. हेच मला कुणाला नीट सांगता येत नाही. मला खरोखर कापड दिसलं. ज्या नजरेनं मी उंबऱ्यावरच्या सावलीतून भाऊ ओळखत होतो, त्या नजरेला तिथे लेकरू दिसलं नाही. इतके महिने अशा प्रत्येक गोधडीवर मी कापड लिहिलं होतं. यंत्राला शिकवता शिकवता मी स्वतःही शिकलो होतो.

दशरथनं मान हलवली आणि यंत्र पुढे घेतलं.

मग उसाच्या कडेनं एक बाई पळत येताना दिसली. हातात कोयता तसाच. तोंड उघडं होतं, पण आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. पडद्यावर तिच्याभोवती निळी चौकट उमटली, भोंगा वाजला, आणि यंत्र गचका देऊन थांबलं. माझं कपाळ काचेवर आपटलं. शंकू फिरायचे थांबले. त्या शांततेत तिचा आवाज एकदम कानात घुसला. ती शिव्या देत नव्हती. ती नुसतं "आगं आई, आगं आई" म्हणत होती.

तिनं कोयता फेकला आणि गोधडीचं टोक उचललं. आत लहान पोर होतं. झोपलेलं. इतक्या आवाजात झोपलेलं, कारण फडातल्या लेकरांना आवाजाची सवय असते. शंकूचं टोक आणि गोधडी यांच्यात एक माणूस आडवा मावला असता, एवढंच अंतर होतं.

पोराला छातीशी धरून ती आमच्याकडे बघत उभी राहिली. "दिसत न्हाय व्हय तुमाला?" ती म्हणाली. "एवढ्या उंचावर बसलाय, दिसत न्हाय व्हय?"

दशरथनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

यानंतर जे झालं ते मला त्या क्षणापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. लोक धावत आले आणि आनंदानं बोलू लागले. यंत्र थांबलं होतं! बाई आडवी आली आणि यंत्र आपोआप थांबलं. अनिकेतचे डोळे भरून आले. "सर, बघितलंत? एक जीव वाचला!" तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाईला यंत्रानं बरोबर ओळखलं होतं. ती पळत आली नसती तर काय झालं असतं, हे फक्त तिला, दशरथला आणि मला माहीत होतं. ती पोराला घेऊन तिच्या माणसांकडे निघून गेली होती. दशरथ शंकूत अडकलेलं पाचट काढत बसला होता.

तात्यांनी जेवणं झाल्यावर आमचे टॉवेल-टोपी देऊन सत्कार केले. अनिकेतचा, माझा, दशरथचा. तांबड्या पट्ट्यांचे नवे टॉवेल. टोपी डोक्यावर ठेवून घेताना मी हसलोही. फोटोत आहे ते.

घरी आलो तर दिवाणावर गोधडी पसरलेली होती.

मी अनिकेतला लगेच सांगितलं नाही. सत्काराचा टॉवेल कपाटात होता, सेंटरमध्ये पेढे वाटले गेले होते, आणि मला भीती वाटत होती. पहिली भीती माझ्या नोकरीची होती, हे मी लपवत नाही. पण रोज सकाळी संगणक उघडला की दुसरी भीती मोठी होत गेली. मी जुने फोटो काढून बघत बसायचो. गोधडी, कापड. झोळी, कापड. गोधडी, कापड. तोच डोळा आता आणखी यंत्रांवर बसवला जात होता. ती यंत्रं कुठे अंथुर्ण्यात, कुठे आणखी पलीकडे, उभ्या उसाच्या कडेनं चालत होती. रस्त्यानं ऊसतोडणीचा हार्वेस्टर जाताना दिसला की मी मोटारसायकल थांबवून तो जाईपर्यंत बघत राहायचो. वर्तमानपत्र उघडताना मी आधी आतली पानं बघायचो, लहान बातम्या.

शेवटी मी सेंटरमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिलो. चांगल्या कामाचं भाषण केलं होतं त्याच जागी. घडलं तसं सगळं सांगितलं. मी काय म्हणालो तेही.

संगीता म्हणाली, "माझी थोरली अशीच वाढली, सर. बांधावर गोधडीत. मला म्हाईत व्हतं. मी अजून एकदा म्हणायला पायजे व्हतं."

"तू म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"एकदाच म्हणले. समदे हसले, मग बसले गप."

तिनं स्वतःला दोष द्यावा, याची मला जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाचीच वाटलेली नाही.

तिथूनच अनिकेतला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, हे लेखी द्याल?" मी दिलं. माझी नोकरी गेली नाही. अनिकेत भला माणूस निघाला. त्यानं वरच्यांशी भांडून नवं नाव आणलं: झाकलेलं. आत काय आहे दिसत नाही, पण असू शकतं, असं काहीही. झाकलेल्याला यंत्र थांबणार. आम्ही सगळे फोटो पुन्हा उघडले. त्या कामाची तपासणी मी संगीताकडे दिली. तिनं केलेल्या चौकटी मी बघितल्या नाहीत. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास राहिलेला नव्हता. नवा डोळा यंत्रांवर चढला, आणि मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

हंगाम संपत आला होता तेव्हा एकदा कामासाठी अंथुर्ण्याच्या बाजूला गेलो होतो. दुपारची वेळ. एका फडात हार्वेस्टर दिसला. मी थांबलो. लांबून बघितलं तर दशरथच होता. यंत्र ओळीच्या टोकाला उभं होतं, तो खाली उतरून पाणी पीत होता. मला बघून त्यानं हात केला.

जवळ गेलो आणि वर बघितलं. यंत्राच्या कपाळावरच्या कॅमेऱ्याला टॉवेल गुंडाळलेला होता. तांबड्या पट्ट्यांचा. तात्यांनी दिलेला. बाजूच्या कॅमेऱ्यांवर खताच्या पिशव्या.

"हे काय, दशरथ?"

तो ओशाळला. "लई थांबती हो मशीन, सर. पाचटाचा ढीग दिसला, थांबली. कुणाचं पोतं पडलंय, थांबली. ट्रॉलीवाला शिव्या देतोय, मालक वरडतोय. दिवसाला निम्मं रान व्हत न्हाय."

"अरे, पण तू होतास त्या दिवशी. तू बघितलंयस."

"म्हणून तर म्हणतो. मी हाय की बघायला. माझं ध्यान असतंय आता."

"त्या दिवशीपण तू होतास. मीही होतो."

त्यानं पाण्याची बाटली झाकण लावून ठेवली आणि तो केबिनमध्ये चढला. मला त्याचा राग आला नाही. मला नुसती भीती वाटली. अनिकेतनं पहिल्याच फोनमध्ये हेच सांगितलं होतं. कमी थांबणारं यंत्र मी बनवलं होतं, त्याला लेकरू दिसत नव्हतं. जास्त थांबणारं बनवलं, तर माणसांनी त्याचेच डोळे बांधले. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी ते पोर बघितलं होतं, त्यानं.

मी बाजूच्या शिडीवर चढलो आणि टॉवेल सोडवला. पिशव्या ओढून काढल्या. दशरथ केबिनमधून बघत होता. त्यानं मला अडवलं नाही. मी खाली उतरलो, यंत्राच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

त्यानं यंत्र पुढे घ्यायला सुरुवात केली, भोंगा वाजला आणि ते जागेवरच थांबलं. काचेमागचा पडदा मला दिसत नव्हता, पण त्यावर काय आलं असेल ते माहीत होतं. निळी चौकट, आत मी, आणि वर ते नाव.

दशरथनं दार उघडलं. "सर, सरका की बाजूला. तुमच्यामुळं थांबलीया."

"आधी जा आणि पुढची सावली बघून ये," मी म्हणालो. "मग सरकतो."

तो मग उतरला आणि उभ्या उसाच्या कडेनं चालत गेला. टोकाला कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला इथून ते दिसत होतं. काय आहे ते कळत नव्हतं. तो वाकला. त्यानं कापड बाजूला केलं.

"घागर हाय, सर," तो तिथूनच ओरडला. "पाणी गार राहावं म्हणून वल्लं फडकं बांधलंय."

त्यानं घागर उचलून बांधावर ठेवली. मग मी बाजूला झालो.

दिवाळी झाली की तोड पुन्हा सुरू होईल. त्या डोळ्याची यंत्रं या वर्षी आणखी आहेत. त्यातल्या किती कॅमेऱ्यांवर फडकी बांधलेली असतील, ते मला जळोचीत बसून दिसत नाही.